कॅथलिक दिवसशाळा, नागपूर–चांदा प्रदेशातील

रोमन कॅथलिक धर्मसंघांनी चालविलेल्या आणि विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय नसलेल्या शाळांना सामान्यतः कॅथलिक दिवसशाळा म्हणतात. सकाळी घरून यावे, दिवसभर शिकावे व सायंकाळी घरी परतावे, हा या शाळांचा क्रम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, पुणे व नागपूर येथे मुलांसाठी अशा शाळा निघाल्या. नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांतात त्या काळी मोडणाऱ्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, या शिक्षणकार्याचा विस्तार प्रामुख्याने १९६२ नंतर झाला. निवासी शाळा व दिवसशाळा यांतील भेद वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. तथापि या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासात तो निर्णायक ठरला. मूल दररोज घरी परतत असल्यामुळे त्याचा धर्म, भाषा व आप्तसंबंध अबाधित राहतील, असा भरवसा अन्य धर्मीय पालकांना वाटला आणि मिशनऱ्यांची शाळा सर्व समाजाची शाळा होऊ शकली. ज्या अरण्यप्रदेशात मुलाला रोज घरी परतणेच शक्य नव्हते, तेथे मात्र या शाळेचा मूळ आधारच नाहीसा झाला.

पार्श्वभूमी : मिशन शाळांविषयीची साशंकता ब्रिटिश अमदानीच्या प्रारंभापासून दिसून येते. मुंबईत १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि शाळेतील पारशी विद्यार्थी मोठ्या संख्येने काढून घेण्यात आले. ही शाळा प्रॉटेस्टंट पंथीयांची होती. परंतु शाळा व धर्मांतर यांचा संबंध लोकमानसात त्यामुळे दृढ झाला आणि तो पुढे कॅथलिक शाळांनाही चिकटला. १८५४ च्या वुड यांच्या शैक्षणिक खलित्याने शासकीय अनुदानाचे तत्त्व मान्य केले. शाळा कोणत्या धर्मसंस्थेची आहे हे न पाहता तिच्यातील लौकिक शिक्षणाच्या दर्जावर अनुदान द्यावे, असे हे तत्त्व होते. त्यापाठोपाठ १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. प्रवेशपरीक्षेचे म्हणजे मॅट्रिक्युलेशनचे प्रमाणपत्र हे सरकारी नोकरीचे व उच्च शिक्षणाचे द्वार ठरले. अनुदान आणि परीक्षा या दोन गोष्टींमुळे मिशन शाळेची दिशा बदलली. केवळ आपल्या अनुयायांना प्रार्थना व अक्षरओळख शिकविणारी शाळा आता पुरेशी नव्हती. परीक्षेस मुले बसविणारी, तपासणीस पात्र ठरणारी आणि फी देऊ शकणाऱ्या सर्व समाजांना खुली असणारी शाळा आवश्यक झाली.

मुंबई व पुणे येथील पूर्वसूरी : या नव्या प्रकारच्या शाळा पश्चिम भारतात येशूसंघीय धर्मगुरूंनी काढल्या. पुण्याच्या लष्कर भागातील सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ मध्ये, तर मुंबईतील धोबी तलाव भागातील सेंट झेवियर्स शाळा १८६९ मध्ये सुरू झाली. मुंबईत माझगाव येथील सेंट मेरीज शाळा प्रामुख्याने निवासी विद्यार्थ्यांसाठी होती. शहरात राहणाऱ्या मुलांसाठी सेंट झेवियर्स ही दिवसशाळा निघाली. या विभागणीचा परिणाम लक्षणीय झाला. निवासी शाळेत मुख्यतः यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुले राहिली. उलट दिवसशाळेत गोवेकर व ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलांबरोबरच पारशी, हिंदू व मुसलमान मुलेही येऊ लागली. भोजन व शयन यांचा प्रश्नच दिवसशाळेत उद्भवत नसल्याने जातिनियमांचा अडथळा तिच्यात तुलनेने कमी जाणवे.

शिक्षकवर्गासाठी परदेशावर अवलंबून राहणाऱ्या या शाळांना पहिल्या महायुद्धाची मोठी झळ पोहोचली. मुंबई–पुणे भागातील येशूसंघीय बहुसंख्येने जर्मन असल्यामुळे १९१४ नंतर त्यांतील अनेकांना स्थानबद्ध करून पुढे मायदेशी पाठविण्यात आले. ॲल्बन गुडिअर या इंग्रज येशूसंघीयाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या संस्था सावरून धरल्या. १९२० नंतर स्पॅनिश येशूसंघीयांनी त्यांचा भार उचलला. नागपूरचे मिशन फ्रेंच भाषिकांकडे असल्याने त्यावर असा प्रसंग ओढवला नाही.

नागपूरचे मिशन : फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतात, आन्सी येथे पीटर मेर्मिये यांनी १८३८ मध्ये ‘सेंट फ्रान्सिस द सेल्स मिशनरी संघ’ स्थापन केला. सेंट फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे जिनीव्हाचे बिशप व विख्यात धर्मपर लेखक होत. या संघाचे पहिले मिशनरी १८४५-४६ मध्ये भारतात आले. विशाखापटनम हे त्यांचे केंद्र होते. पूर्व किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश त्यांच्याकडे सोपविण्यात आला व त्यात नागपूर आणि कामठी यांचा समावेश होता. कामठी येथे १८२१ पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती. छावणीतील आयरिश सैनिक, दक्षिणेकडून आलेले शिपाई आणि त्यांच्या परिवारातील माणसे यांत कॅथलिकांची संख्या बरीच होती. त्यांची धार्मिक व्यवस्था पाहणे हे मिशनऱ्यांचे आरंभीचे काम होते.

तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर (१८५३) नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनली आणि १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपुरास पोहोचली. कचेऱ्या, रेल्वे व न्यायालये यांमुळे इंग्रजी जाणणाऱ्या नोकरवर्गाची गरज वाढली आणि त्याबरोबरच शहरात नवी कुटुंबे आली. या क्षेत्रात प्रॉटेस्टंट मिशन अगोदरच उतरले होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली होती व पुढे १८८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ हिस्लॉप महाविद्यालय उभे राहिले. अँग्लिकन पंथीयांची बिशप कॉटन शाळाही १८७० पूर्वी स्थापन झाली होती.

सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा : या परिस्थितीत १८७० मध्ये नागपूरच्या सदर भागात मुलांसाठी सेंट फ्रान्सिस द सेल्स ही शाळा निघाली. सदर हा छावणी व मुलकी अधिकाऱ्यांची वसती यांच्या आधाराने वाढलेला भाग. जुन्या नागपूरच्या महाल, इतवारी या वस्त्यांपासून तो वेगळा होता. जागेच्या या निवडीतच शाळेचा प्रारंभीचा हेतू स्पष्ट होतो. तिचे पहिले विद्यार्थी प्रामुख्याने यूरोपीय, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती कुटुंबांतील होते आणि शासनदरबारी ती ‘यूरोपियन शाळा’ या वर्गात गणली जाई. या वर्गातील शाळांना निराळी नियमावली व निराळे अनुदान असे. त्यांत इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा होती आणि अन्य समाजांतील मुलांना मर्यादित प्रमाणातच प्रवेश मिळे. म्हणजे मुंबईतील सेंट झेवियर्सला जो मिश्र विद्यार्थिवर्ग प्रारंभीच लाभला, तो नागपूरच्या शाळेला मिळण्यास बराच काळ जावा लागला.

१८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होऊन अलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. चांदा जिल्हा याच धर्मप्रांतात मोडत असे. परीक्षांच्या दृष्टीने मध्य प्रांतातील शिक्षणसंस्था प्रथम कलकत्ता, नंतर अलाहाबाद आणि १९२३ पासून नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आल्या. यूरोपियन शाळांत केंब्रिजच्या परीक्षांचाही प्रघात होता. मुलांची शाळा धर्मगुरूंनी व मुलींची शाळा धर्मभगिनींनी चालवावी, हा त्या काळच्या कॅथलिक शिक्षणपद्धतीचा दंडक होता. त्यानुसार सेंट जोसेफ संघाच्या आन्सी येथून आलेल्या धर्मभगिनींनी कामठी व नागपूर येथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. धर्मभगिनींच्या मठास कॉन्व्हेंट म्हणतात. मठाला जोडलेल्या मुलींच्या शाळेलाही तेच नाव मिळाले. विदर्भात या शब्दाचा अर्थ पुढे इतका विस्तारला, की कोणत्याही धर्माच्या संस्थेने काढलेल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीला वा शाळेला सर्रास ‘कॉन्व्हेंट’ म्हटले जाऊ लागले. मठाशी काडीमात्र संबंध नसलेल्या शाळांच्या पाट्यांवरही तो शब्द झळकतो. कॅथलिक शाळेच्या प्रतिष्ठेचा हा भाषेत उमटलेला पुरावा होय.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर : १९४७ नंतर ब्रिटिश अधिकारी निघून गेले व अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकीही अनेक देशांतरास गेली. त्यामुळे जुन्या यूरोपियन शाळांपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. भारतीय संविधानाच्या ३३७ व्या अनुच्छेदाने अँग्लो-इंडियन शिक्षणसंस्थांचे विशेष अनुदान दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करण्याची तरतूद केली आणि ते मिळविण्यासाठी दरवर्षी किमान ४० टक्के प्रवेश अन्य समाजांना खुले ठेवण्याची अट घातली. ३० व्या अनुच्छेदाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. तर २८ व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य वा अनुदानित संस्थेतील कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या अथवा पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. कॅथलिक शाळांतून ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण व इतरांना नीतिशिक्षण असे दोन स्वतंत्र वर्ग ठेवण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश कोणाला द्यावा, हा वाद याच काळात न्यायालयात गेला. मुंबई राज्य शासनाने जानेवारी १९५४ मध्ये एका आदेशाद्वारे अशा शाळांतील प्रवेश अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाच्या मुलांपुरता मर्यादित केला. देवळाली येथील बार्न्स या अँग्लिकन शाळेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा आदेश घटनाबाह्य ठरविला. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने प्रस्तुत आदेश तेथे लागू नव्हता. परंतु निकालातील तत्त्व सर्व देशास लागू झाले व इंग्रजी शाळांचे दार भारतीय पालकांना कायद्याने बंद करता येणार नाही, हे निश्चित झाले. नोकरदार, व्यापारी व व्यावसायिक वर्गांतील हिंदू, मुसलमान, शीख, जैन व बौद्ध मुले जुन्या यूरोपियन शाळांतून बहुसंख्य झाली. नागपूर येथे १९५६ मध्ये सेंट फ्रान्सिस द सेल्स महाविद्यालयही सुरू झाले. तत्पूर्वी, १९५३ मध्ये, नागपूरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला होता.

नियोगी समिती : मिशन शाळांवरील विश्वास व अविश्वास यांचे मोजमाप याच सुमारास शासकीय पातळीवर झाले. मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. आदिवासी भागांतील शाळा, वसतिगृहे व रुग्णालये यांचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून होतो, असा समितीचा प्रमुख आक्षेप होता. परकीय द्रव्यसाहाय्यावर नियंत्रण असावे आणि आदिवासींच्या शिक्षणाची व आरोग्याची जबाबदारी शासनाने स्वतः घ्यावी, अशा आशयाच्या शिफारशी तिने केल्या. ख्रिस्ती संस्थांनी, विशेषतः कॅथलिक धर्मप्रमुखांनी, समितीची कार्यपद्धती व निष्कर्ष एकांगी असल्याचे सांगून त्यांना तीव्र विरोध केला. या वादाच्या गुणावगुणांविषयी अद्यापही मतभेद आहेत. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : शहरांतील मिशनच्या दिवसशाळांसाठी पालकांची रीघ लागलेली असतानाच वनप्रदेशांतील मिशनच्या निवासी संस्थांविषयी साशंकता व्यक्त होत होती. धर्मसंस्था त्याच होत्या. भेद होता तो मूल कोणाच्या छत्राखाली रात्र काढते याचा, आणि पालकाला शाळेशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते किंवा नाही याचा. शहरी पालक फी भरीत असे, प्रश्न विचारू शके व पसंत न पडल्यास मुलाला दुसऱ्या शाळेत घालू शके. अरण्यातील पालकाला यांपैकी काहीच सहज शक्य नव्हते.

चांदा जिल्हा : गोंड राजांची राजधानी असलेले चांदा शहर १८५४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वरोडा येथे कोळशाची खाण सुरू झाली व वर्ध्याहून तेथवर रेल्वे आली. पुढे बल्लारपूर परिसरातही कोळसा काढण्यात येऊ लागला. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली–मद्रास या हमरस्त्यावरील स्थानक म्हणून बल्लारशास महत्त्व आले. ख्रिस्ती मिशनपैकी येथे प्रथम स्कॉटिश एपिस्कोपल चर्च आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले ॲलेक्झांडर वुड हे त्याचे सर्वांत परिचित मिशनरी होत. ते १९१९ मध्ये छोटा नागपूरचे व १९२६ मध्ये नागपूरचे अँग्लिकन बिशप झाले. १९५६ मध्ये हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे त्याचे नाव चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

कॅथलिकांच्या दृष्टीने १९६२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी चांद्याचे क्षेत्र नागपूरच्या अधिकारातून वेगळे करून केरळमधील सिरो-मलबार चर्चच्या ‘कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट’ या संघाकडे सोपविण्यात आले. केरळबाहेर या चर्चकडे आलेल्या पहिल्या मिशनप्रदेशांपैकी हा एक होय. जॅन्युॲरिअस पालथुरुथी हे त्याचे पहिले प्रमुख होते. १९६८ मध्ये या क्षेत्राचा दर्जा वाढविण्यात आला व १९७७ मध्ये ‘चांदा धर्मप्रांत’ विधिवत स्थापन झाला. धर्मप्रांताच्या नावात शहराचे जुने नाव टिकून राहिले आहे. त्याचे मुख्यालय बल्लारपूर येथे आहे.

नागपूरचे मिशनरी यूरोपातून आले होते, तर चांद्याचे भारतातूनच. या संघाची परंपराही निराळी होती. केरळमधील मान्नानम येथे १८३१ मध्ये त्याची स्थापना झाली. त्याचे एक संस्थापक कुरिआकोस एलियास चावरा (१८०५–७१) यांनी मान्नानम येथे १८४६ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली आणि प्रत्येक चर्चच्या जोडीने शाळा असावी, असा आग्रह धरला. मलयाळम भाषेत शाळेला ‘पळ्ळिक्कूडम’ म्हणतात व ‘पळ्ळि’ म्हणजे प्रार्थनास्थळ. हा शब्दसंबंधच चावरांच्या योजनेला अनुकूल होता. केरळमधील दाट वस्तीत ही योजना दिवसशाळेच्या रूपाने यशस्वी झाली, कारण तेथे कोणत्याही चर्चपासून मुलांची घरे पायी जाण्याच्या अंतरावर असत. हीच कल्पना घेऊन आलेल्या धर्मगुरूंना चांद्यात दोन अगदी भिन्न प्रदेशांना तोंड द्यावे लागले.

औद्योगिक शहरांतील शाळा : पहिला प्रदेश चंद्रपूर, बल्लारपूर व त्यांच्या आसपासच्या खाणवस्त्यांचा. कागद गिरणी, कोळसा खाणी, भद्रावतीचा आयुधनिर्माण कारखाना आणि पुढे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र यांमुळे भारताच्या सर्व भागांतून नोकरदार कुटुंबे येथे आली. बदलीच्या नोकरीतील पालकांना कोणत्याही प्रांतात चालू शकेल असे माध्यम हवे होते व ते त्यांना इंग्रजी शाळेत मिळाले. चंद्रपूर येथील माउंट कार्मेल शाळा ही या वर्गातील परिचित शाळा होय. गडचिरोलीतही कार्मेल याच नावाची शाळा आहे. या भागातील शाळांच्या नावांत वारंवार येणारा ‘कार्मेल’ हा शब्द संघाच्या नावावरून आलेला असून तो मूळचा पॅलेस्टाइनमधील एका पर्वताचा निर्देश करतो.

या शाळांत जुन्या दिवसशाळेचे एक वैशिष्ट्य टिकले व एक लोपले. टिकले ते सर्वधर्मीय विद्यार्थ्यांचे. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी होती; साहजिकच येथील कॅथलिक शाळांचे विद्यार्थी बहुतांशी अन्य धर्मांचे असतात. लोपले ते केवळ मुलांसाठी असण्याचे. लहान शहरात मुलांची व मुलींची अशा दोन स्वतंत्र शाळा चालविणे परवडणारे नव्हते. शिवाय एकाच घरातील भावंडे एकाच शाळेत जावीत, अशी पालकांची इच्छा असे. त्यामुळे धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या कार्यक्षेत्रांतील जुनी सीमारेषा येथे पुसट झाली आणि सहशिक्षण हाच नियम बनला.

वनप्रदेशातील मर्यादा : दुसरा प्रदेश वैनगंगेच्या पूर्वेकडील अरण्याचा. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून २०११ मध्ये त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. म्हणजे दर चौ. किमी.ला सु. ७४ माणसे, त्याच वेळी केरळमध्ये हे प्रमाण सु. ८६० होते. जिल्ह्याच्या सु. तीन चतुर्थांश भूमीवर वन आहे आणि लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३९ टक्के आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत वस्त्या लहान व एकमेकींपासून दूर आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर आला, की अलीकडच्या काळापर्यंत भामरागडचा बाहेरील जगाशी असलेला संपर्क तुटत असे. अशा ठिकाणी दिवसशाळेत जाणारे विद्यार्थी पुरेशा संख्येने गोळा होणेच कठीण असते.

अंतराखेरीज दुसरी अडचण कालक्रमाची. शाळेचे वेळापत्रक शहरी जीवनाला अनुसरून आखलेले असते. येथील कुटुंबाचे वर्ष मात्र धानाची रोवणी, मोहफुले व तेंदूपाने यांच्या हंगामांनी बांधलेले असते. या हंगामांत मुलांच्या हातांची घरी गरज लागते. तिसरी अडचण भाषेची. माडिया व गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी ही शाळेत प्रथम भेटणारी भाषा असते. सिरोंचा भागात तेलुगूचा, तर मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगालीचा वापर आहे. इंग्रजी माध्यम हे अशा मुलाच्या दृष्टीने दुसरे नव्हे, तर तिसरे अंतर ठरते.

यावर उपाय म्हणून निवासी शिक्षणाचा मार्ग सर्वांनीच अवलंबिला. आदिवासींसाठी आश्रमशाळा ही कल्पना ठक्कर बाप्पांनी १९२२ नंतर भिल्ल सेवा मंडळामार्फत पश्चिम भारतात रुजविली होती. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून आश्रमशाळांचा विस्तृत कार्यक्रम हाती घेतला. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पातही १९७६ मध्ये निघालेली शाळा निवासीच होती. कॅथलिक संस्थांनाही अरण्यप्रदेशात शाळेला वसतिगृहाची जोड देणे भाग पडले. अशा रीतीने शासन, सर्वोदयी परंपरेतील कार्यकर्ते आणि ख्रिस्ती मिशन या परस्परांहून भिन्न विचारसरणींच्या यंत्रणा भूगोलाच्या रेट्याने एकाच उपायापर्यंत आल्या.

या उपायाचे मोल मात्र मुलांनी व त्यांच्या समाजाने चुकविले. शहरातील मूल सायंकाळी घरी परतून आजीची भाषा बोलते, सणवार पाळते, शाळेत ऐकलेल्या गोष्टी घरच्या गोष्टींशी ताडून पाहते. वसतिगृहातील माडिया मूल सहा-सहा महिने गावापासून दूर राहते. तरुण पिढीला गाणी, नृत्य, श्रम व सामाजिक आचार शिकविणाऱ्या गोटूल या पारंपरिक संस्थेशी त्याचा संबंध तुटतो. धान कसे रोवावे, कोणत्या वनस्पतीचा कशासाठी उपयोग करावा, हे ज्ञान त्याला मिळत नाही. दुसऱ्या बाजूस, निवासी शाळांतूनच या भागातील शिक्षक, परिचारिका, वनरक्षक व डॉक्टर यांची पहिली पिढी तयार झाली, हेही खरे आहे. हा प्रश्न केवळ मिशन शाळांचा नाही. शासकीय आश्रमशाळांनाही तो तितकाच लागू आहे. शिक्षणासाठी घर सोडावे लागणे ही अट समाजाच्या एका थराला लागू नाही व दुसऱ्याला लागू आहे, यातच विषमतेचे मूळ आहे.

अलीकडील घडामोडी : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ मध्ये संमत झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किमी. व सहावी ते आठवीची शाळा तीन किमी. अंतराच्या आत असावी, असे ठरविण्यात आले. दिवसशाळेमागील चालत जाण्याच्या अंतराचे जुने गृहीत तत्त्व त्यामुळे प्रथमच हक्काच्या भाषेत मांडले गेले. खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्याची या अधिनियमातील तरतूद मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांना बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने प्रथम २०१२ मध्ये विनाअनुदानित शाळांपुरता दिला; २०१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या सर्वच शाळा अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. परिणामी गरीब मुलांना प्रवेश देणे ही गोष्ट कॅथलिक शाळांच्या बाबतीत कायद्यापेक्षा त्या त्या संस्थेच्या इच्छेवर अवलंबून राहिली. एकविसाव्या शतकात राज्याच्या आदिवासी विकास विभागाने अनुसूचित जमातींच्या मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत शासकीय खर्चाने पाठविण्याची योजनाही राबविली. तिने इंग्रजी शिक्षणाची संधी वाढविली; पण मूल व घर यांतील अंतरही वाढविले. याच काळात शहरांतील दिवसशाळांचा परीघ पायी चालण्याच्या अंतरापुरता उरला नाही. शाळेच्या बसगाड्यांमुळे तो वाढला. मात्र बसभाडे भरू शकणाऱ्या कुटुंबांपुरताच.

मूल्यमापन : नागपूर–चांदा प्रदेशातील कॅथलिक दिवसशाळेचा इतिहास हा सव्हॉयमधून आलेल्या धर्मगुरूंपासून केरळमधून आलेल्या धर्मगुरूंपर्यंतचा, छावणीपासून खाणवस्तीपर्यंतचा आणि मुलांच्या शाळेपासून सहशिक्षणापर्यंतचा सु. दीडशे वर्षांचा इतिहास आहे. परीक्षांतील यश, शिस्त व इंग्रजी भाषा ही तिच्या लोकप्रियतेची सर्वज्ञात कारणे होत. परंतु तिचे सामाजिक यश मुख्यतः शाळा व घर यांच्यातील एका अलिखित करारावर उभे राहिले : शाळेने ज्ञान द्यावे आणि मूल दररोज परत करावे. ज्या पालकांना हा करार करता आला, त्यांनी परधर्मीयांची शाळा निःशंकपणे आपली मानली. गडचिरोलीच्या अरण्यातील पालकाला तो करण्याची संधी क्वचितच मिळाली. त्याच्यापुढे मूल दूर पाठविणे किंवा शिक्षणावाचून ठेवणे, एवढेच पर्याय बहुधा राहिले. मातृभाषेतून आरंभ करणारी, हंगामाप्रमाणे वेळ ठरविणारी व वस्तीजवळ असणारी चांगली शाळा उपलब्ध होईपर्यंत दिवसशाळा ही या प्रदेशात प्रामुख्याने शहरवासीयांचीच सोय राहील.